फोमचं हरीण: चांगलं, पण उन्हात नको

सोलापुरात मळ्यात धनुष्यबाणाच्या सरावाला हे फोमचं हरीण घ्यायला हरकत नाही. कुशीवरच्या खुणा नेमक्या आहेत, जखमी जनावराचा माग कधी काढायचा याचा सोबतचा तक्ताही बरोबर. बाण फुप्फुसात, रक्त गुलाबी-फेसाळ: माग काढण्याआधी अर्धा तास थांबा. यकृत, गडद लाल: ४ ते ६ तास. आतडं, हिरवट आणि वास मारणारं: ८ ते १२. घाई केली की बसलेलं जनावर उठून पळतं, माग तुटतो. हा हिशेब अमेरिकेतला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद, नान्नज अभयारण्यातले काळवीट नुसते बघायचे!

खोट एकच. घर्षणाने फोम बाणाच्या दांड्याला चिकटतो, उन्हात तापल्यावर जास्तच. सावलीत ठेवा, दांड्यावर कोरडा साबण घासा. पात्यांची टोकं लावलीत तर फोम लवकर फाटेल.