कोडाच्या डागांवर सेल्फ-टॅनर आणि सनस्क्रीन : आठ महिन्यांनंतर

माझ्या दोन्ही हातांवर आणि मानेवर कोडाचे डाग आहेत. ते झाकायला गेले आठ महिने डीएचए (डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन, कातडी तपकिरी करणारं रसायन) असलेलं सेल्फ-टॅनिंग लोशन लावतेय. दिवसा वरून एसपीएफ ५० चं सनस्क्रीन.

आधी लोशनबद्दल. रंग छान येतो. कातडीला रंग देणारं मेलॅनिन कोडाच्या डागांत नसतं, पण डीएचएला ते लागतच नाही. कातडीच्या सगळ्यात वरच्या मृत थरातल्या प्रथिनांशी त्याची प्रक्रिया होते आणि तो थर तपकिरी होतो. पाव भाजताना होते तीच ही प्रक्रिया, म्हणून पहिल्या रात्री किंचित करपट वासही येतो. लावल्यावर दोन-तीन तासांत रंग दिसायला लागतो, सकाळपर्यंत पक्का. तो थर झडतो तसा रंगही जातो, त्यामुळे पाच-सहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. लावून झाल्यावर तळहात लगेच धुवा. एकदा आळस केला, तर आठवडाभर बोटांच्या बेचक्यांत नारिंगी रेघा मिरवल्या.

आता माझी चूक. दुसऱ्या महिन्यात डाग इतके बेमालूम झाले की हातांना सनस्क्रीन लावणं मी सोडूनच दिलं. एका दुपारी दोनेक तास उन्हात होते. संध्याकाळी हात पाहिले तर डागांच्या जागा तपकिरी रंगाखालून लालभडक झालेल्या, कडा अगदी आखल्यासारख्या. आजूबाजूची कातडी ठणठणीत! डीएचएचा रंग मुख्यतः डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषतो, अतिनील किरण फार थोडे. संरक्षण धरलंच तर एसपीएफ ३-४ इतकं. खाली मेलॅनिन नाही ते नाहीच.

तेव्हापासून सनस्क्रीन चुकवत नाही, आणि लावताना काटकसरही करत नाही. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. माझ्या आधीच्या सनस्क्रीनमध्ये अ‍ॅव्होबेन्झोन होतं. ते यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) चांगलं शोषतं, पण पांढऱ्या कॉलरवर पिवळे डाग पडले, ते कशानेच निघेनात. झिंक ऑक्साइडवाल्याने तपकिरी हातांवर राखेची कळा आली. आता आयर्न ऑक्साइड घातलेलं टिंटेड वापरते. ते दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतं आणि रंगात मिसळून जातं.

बोटांच्या सांध्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. तिथली कातडी जाड, म्हणून रंग दोन छटा गडदच बसतो. सध्या तिथे आधी थोडं मॉइश्चरायझर चोपडून पाहतेय.