स्लॅट पॅनल की सुट्या पट्ट्या? पहिल्यांदाच लाकडी भिंत करणाऱ्यासाठी

आमच्या घरात लाकडाने मढवलेल्या दोन भिंती आहेत आणि दोन्ही मीच केल्या आहेत. झोपायच्या खोलीत पलंगामागे तयार स्लॅट पॅनल, बाहेरच्या खोलीत टंग अँड ग्रूव्हच्या, म्हणजे एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसणाऱ्या, सुट्या लाकडी पट्ट्या. दोन्हींमध्ये दीड वर्षाचं अंतर. सुतारकाम मला तेव्हा येत नव्हतं, आताही येतं असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण कोणी विचारलं की दोन्ही भिंती दाखवतो. बघणाऱ्याला पॅनलची भिंत जास्त आवडते, हेही आधीच सांगून टाकतो.

पॅनल कसं दिसतं, पट्टी कशी दिसते, हे तुम्ही एव्हाना शंभर फोटोंत पाहिलं असेल. त्यामुळे लावताना आणि लावल्यानंतर काय होतं, तेवढंच लिहितो.

झटपट होण्यात पॅनलला तोड नाही. काळ्या फेल्टवर, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडावर, एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) उभे स्लॅट, त्यांवर व्हिनियर म्हणजे लाकडाचा पातळ थर, साधारण 27 मिमीचा स्लॅट आणि 13 मिमीची मोकळी जागा, नग 600 मिमी रुंद आणि 2400 मिमी उंच. पलंगामागची माझी भिंत तीन मीटरला जरा कमी, म्हणजे पाच नगांत विषय संपला. सकाळी सुरुवात केली, संध्याकाळी पलंग परत जागेवर. शेवटचा नग अरुंद करायचा तर करवतही लागत नाही, दोन स्लॅटच्या मधलं फेल्ट धारदार ब्लेडने कापलं की झालं. आडवा छेद मात्र स्लॅटमधून जातो. तिथे बारीक दात्यांची करवत हवी आणि छेदाच्या रेषेवर चिकटपट्टी हवी, नाहीतर व्हिनियरच्या कडेचे टवके उडतात. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो, तोंडाला मास्क लावल्याशिवाय कापू नका.

पट्ट्यांना मला तीन शनिवार-रविवार लागले. त्यातला पहिला नुसता मागचा सांगाडा उभा करण्यात गेला, आणि त्या दोन दिवसांनंतर भिंतीकडे बघून ‘काहीतरी झालं’ असं कोणालाही वाटलं नसतं.

इथवर वाचून पॅनल घ्यावं असंच वाटेल. मलाही वाटलं होतं.

आता माझी फट.

पॅनलच्या एका कडेला स्लॅट असतो, दुसऱ्या कडेला मोकळं फेल्ट. पुढचा नग त्या मोकळ्या कडेला भिडवला की 13 मिमीची लय पुढे चालू राहते आणि सांधा कुठे आहे ते कळतसुद्धा नाही. म्हणजे, भिडला तर. मी पहिला नग खोलीच्या कोपऱ्याला धरून लावला, कारण कोपरा सरळ असतो असं मी आयुष्यभर समजत आलो होतो. ओळंबा सोडून बघायला हवा होता. कोपरा वरून खाली येताना किंचित बाहेर झुकत होता, आणि पहिला नग त्याच्याबरोबर झुकला. दुसऱ्याला ते जाणवलं नाही. तिसरा लावताना पलंगाच्या डाव्या बाजूला भिंतीचं पोट आलं. डोळ्यांना अजिबात न दिसणारं पोट, पण 600 मिमी रुंदीचा ताठ नग त्यावर टेकवला की तो झोपाळ्यासारखा डुलायला लागतो. एक कड दाबली की दुसरी उचलली जाते. मी वरून दाबलं, वरचा सांधा छान बसला. खाली बघितलं तर 13 ची जागा 17 झालेली.

चार मिलिमीटर. काढून पुन्हा लावू म्हणून ओढलं, तर गमने पकड घेतलेली. आणखी ओढलं तसं फेल्ट भिंतीवरच राहिलं आणि एक स्लॅट फेल्टपासून सुटायला लागला. अजून जोर लावला असता तर प्लास्टर आणि पॅनल दोन्ही हातात आलं असतं. सुटलेला स्लॅट परत दाबून चिकटवला आणि पुढचे दोन नग त्या वाकड्या नगाला धरूनच लावले.

दिवसा ती फट दिसत नाही. रात्री पलंगाशेजारचा दिवा लावला की उजेड भिंतीला घासून जातो, आणि त्या एका जागी सावली खाली जाड आणि वर बारीक पडते. बायको म्हणते, “तू दाखवतोस म्हणून लोकांना दिसते.” बरोबर आहे तिचं. पण रोज रात्री पुस्तक मिटलं की माझी नजर पहिल्यांदा तिथे जाते, आणि त्याला माझ्याकडे इलाज नाही.

न्यायाने बोलायचं तर हा दोष पॅनलपेक्षा गमचा आहे. फेल्टमधून काळे स्क्रू मारूनही पॅनल लावता येतं, स्क्रूची डोकी काळ्या फेल्टवर दिसत नाहीत, आणि चुकलं तर स्क्रू काढून नग सरकवता येतो. मला हे नंतर कळलं. तुम्ही पॅनलच घेणार असाल तर एवढं एक ऐका: गमची नळी बाजूला ठेवा, रावल प्लग आणि स्क्रू घ्या, आणि कोपऱ्याला धरून सुरुवात करण्याऐवजी ओळंब्याने मारलेल्या उभ्या रेषेला धरून करा. नग वर-खाली उलटा तर लागत नाही ना, तेही बघा. उलटा लागला की एका बाजूला दोन स्लॅट एकमेकांना चिकटतात आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट फट पडते.

तरीही एक गोष्ट स्क्रूनेही सुटत नाही, असं मला वाटतं. पॅनलच्या भिंतीत सांधे मोजून चार, आणि चारही जमिनीपासून वरपर्यंत तंतोतंत जुळायला हवेत. भिंतीत जो काही वाकडेपणा असेल तो याच चार जागी गोळा होणार. तो वाटून टाकायला मधे कुठे जागाच नाही.

पट्ट्यांचं नेमकं इथेच वेगळं आहे.

आधी सांगाडा. माझ्या पट्ट्या आडव्या, म्हणून मागचे बॅटन, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, उभे, 400 मिमीच्या अंतराने. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली की पोट कुठे आहे ते लगेच दिसतं, दोरी तिथे टेकते. पोटावरचा बॅटन थेट भिंतीवर ठोकायचा आणि बाकीच्यांच्या मागे पाचर सरकवत सगळ्यांना त्याच्या पातळीत आणायचं. काम कंटाळवाणं आहे. दर थोड्या वेळाने स्पिरिट लेव्हल लावायची, स्क्रू अर्धा फेरा सैल, पाचर जराशी आत, पुन्हा लेव्हल. पण हे एकदा संपलं की भिंत कशी का असेना, तिचा आणि तुमचा संबंध संपतो. यापुढचं काम फक्त बॅटनशी.

मग हिशेब. भिंत 2650 मिमी उंच आणि पट्टी 120 मिमी झाकत असेल, तर 22 पट्ट्या बसून वर 10 मिमीची चिंधी उरते. ती कापता येत नाही, ठोकता येत नाही आणि छताची रेषा किती वाकडी आहे ते जगाला ओरडून सांगते. त्यापेक्षा 21 पूर्ण पट्ट्या घ्यायच्या आणि उरलेले 130 मिमी वर-खाली 65-65 वाटायचे. हा हिशेब मी कागदावर केला म्हणून वाचलो, नाहीतर खालून ठोकत सुटलो असतो. पहिली पट्टी जमिनीला समांतर धरण्यापेक्षा लेव्हलला धरायची. जमीनही कोपऱ्यासारखीच विश्वासघातकी असते.

पट्टीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. जीभ वर ठेवून तिच्या मुळाशी बिनडोक्याचा खिळा तिरका मारायचा. पुढच्या पट्टीची खाच वरून बसली की खिळा गायब. जुन्या हातोडीने मारलात तर शेवटचे दोन ठोके पंचने, म्हणजे खिळ्यावर टेकवायच्या लोखंडी दांड्याने द्या, मी पहिल्याच ओळीत हातोडीचा घाव जिभेवर घालून ती चेपवली होती.

सहाव्या ओळीपर्यंत माझी एक बाजू तीन मिलिमीटर खाली गेली. कशी, ते आजही सांगता येणार नाही, बहुधा एक-दोन पट्ट्या त्या टोकाला पुरत्या बसल्या आणि दुसऱ्या टोकाला नाहीत. पलंगामागच्या भिंतीचा अनुभव ताजा होता, पोटात गोळाच आला. काढायची तयारी केली, आणि मग सुचलं की काढायची गरजच नाही. पुढच्या सहा ओळींत खाली गेलेल्या बाजूला प्रत्येक पट्टी अर्धा मिलिमीटर सैल बसवली. मापासाठी मी जाड कागदाची घडीच वापरली. बाराव्या ओळीला लेव्हलचा बुडबुडा मधोमध. आज ती जागा मलाच सापडत नाही, आणि मी शोधली आहे.

एक पट्टी खरोखर काढावीही लागली. तिच्यात एक मोठी गाठ होती आणि ती नेमकी सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांसमोर येत होती. पक्कडीने खिळे ओढले, जिभेचा तुकडा पडला, पट्टी वाया. दुसरी बसवली. म्हणूनच गरजेपेक्षा दहा टक्के जास्त पट्ट्या घ्याव्यात असं म्हणतात, आणि माझ्या तर त्याही जवळपास संपल्या. पॅनलमध्ये एक नग वाया जाणं म्हणजे माझ्या भिंतीचा पाचवा हिस्सा वाया जाणं. स्विचबोर्डचं भोक कापताना हा फरक छातीत धडधडतो. पट्टीत चुकीचं भोक पडलं तर एक पट्टी बदलायची, पॅनलमध्ये पडलं तर मोठी कव्हर प्लेट शोधत फिरायचं. दोन्हींत भिंत पुढे येते, पॅनलने साधारण 21 मिमी, माझ्या बॅटन आणि पट्टीने मिळून तीस-पस्तीस, त्यामुळे स्विचचा डबा पुढे घ्यावा लागतो. ते काम मेन बंद करून वायरमनकडून करून घ्या. मी तिथे हौस केली नाही.

पट्ट्यांचंही दुखणं सांगितलं पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. खरं लाकूड हवेबरोबर फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, पण रुंदीत नक्की. म्हणून पट्ट्या आणल्यावर दोन-तीन दिवस त्याच खोलीत पसरून ठेवायच्या आणि वर-खाली, भिंतीच्या कडांना थोडी जागा सोडायची, ती पुढे कडेला मारायच्या सजावटीच्या पट्टीखाली झाकली जाते. हे मी केलं. पण पॉलिश आधी करायला हवं होतं, ते भिंतीवर लावल्यानंतर केलं. कोरड्या हवेत पट्ट्या आकसल्या तशी प्रत्येक सांध्यात न रंगलेल्या जिभेची पांढुरकी रेघ उघडी पडली, बावीस रेघा. बारीक ब्रश घेऊन एकेक भरत बसलो होतो. तुम्ही जिभेसकट सगळी पट्टी आधी रंगवा आणि मग लावा, एवढ्यावर भागेल. पॅनलच्या बाबतीत ही भानगड नाही, व्हिनियर तयार येतं. फक्त सांध्याच्या फटीतून मागच्या भिंतीचा पांढरा रंग डोकावू नये म्हणून ती आधी गडद रंगवलेली बरी.

आवाजात पॅनल सरस. फेल्टमुळे खोलीतला घुमारा कमी झाला आहे. मोजलं नाही, पण टाळी वाजवली की फरक कळतो. शेजारचा आवाज मात्र जसाच्या तसा येतो, त्या आशेने घेऊ नका. पट्ट्यांनी आवाजात काही फरक पडला असं मला वाटलं नाही.

धूळ पॅनलच्या फटीत बसते आणि तिथेच राहते. ब्रश लावलेला व्हॅक्यूम फिरवावा लागतो. पट्ट्यांवरून फडकं फिरतं.

ओलीच्या भिंतीवर दोन्हीही नकोत. शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर आधी ओल काढा. एमडीएफ एकदा फुगलं की परत मूळ जाडीवर येत नाही, आणि लाकडाच्या मागे ओल राहिली तर बुरशी ठरलेली.

तेव्हा, भिंत नवी आणि सपाट असेल, एका दिवसात उरकायचं असेल, खोलीत घुमारा असेल, तर पॅनल घ्या आणि स्क्रूने लावा, त्यात काही वाईट नाही. भाड्याच्या घरात गमने लावण्याचा विचारही नको. पण भिंत जुनी असेल आणि हात नवा असेल, तर मी तरी पट्ट्यांकडेच जाईन. तीन आठवडे घरात भुसा होईल, पहिल्या आठवड्यात घरचे विचारतील की हे संपणार कधी. विचारू द्या.

पलंगाशेजारचा दिवा मी आता उजव्या बाजूला नेला आहे. तिथून उजेड फटीपर्यंत पोचेपर्यंत मंद होतो. पुस्तक वाचायला थोडं वळावं लागतं, पण जमतं.