केमो चालू असताना मशरूमच्या कॅप्सूल कुणी देऊ केल्या तर हे वाचा

परळला केमोसाठी येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना गाठून रेशी मशरूमच्या कॅप्सूल विकणारी माणसं फिरतात. माझ्या थोरल्या बहिणीला अशाच एकाने फसवलं. ताईला ट्रिपल निगेटिव्ह स्तनाचा कर्करोग आहे. या प्रकारावर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, सगळी भिस्त केमोवर. भावोजींशी गप्पा मारत त्याने हे काढून घेतलं.

दादरच्या एका गाळ्यात त्याने आमच्यापुढे छापील शोधनिबंध ठेवला. निबंध खरा आहे, म्हणून तर हे लिहितेय. २००२ साली छापून आलेला. रेशीमुळे स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या आक्रमक कर्करोग पेशींची हालचाल मंदावते, असं त्यात आहे. स्तनाच्या पेशी एमडीए-एमबी-२३१, म्हणजे त्याही ट्रिपल निगेटिव्ह. "बघा साहेब, ताईंचाच आजार. पसरणं थांबतं, शास्त्रज्ञच म्हणतायत!"

पण त्या पेशी १९७३ साली एका स्त्रीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या, तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढवतात. प्रयोगशाळेतल्या बशीत रेशीचा अर्क थेट त्यांच्यावर पडतो. गिळलेल्या कॅप्सूलमधलं किती पचतं, रक्तात किती उतरतं, गाठीपर्यंत काय पोचतं, हे त्या बशीत कळत नाही. ताईच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "बशीत फिनेल ओतलं तरी पेशी मरतात हो."

"जपानमध्ये सरकारमान्य आहे" ही पुढची थाप. तिथे १९७० च्या दशकात मान्यता मिळाली ती क्रेस्टिन नावाच्या औषधाला. ते वेगळ्याच मशरूमपासून काढलेलं, आणि तेही केमोच्या जोडीने द्यायचं. रेशीचं त्यात काही नाही.

महिन्याच्या डब्याचे अकरा हजार, रोख, पावती नाही. डब्यामागे बारीक इंग्रजी अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं. आणि वर त्या विक्रेत्याने बजावलं, "डॉक्टरांना सांगू नका, ते औषध कंपन्यांचे असतात." मला सर्वांत घातक वाटतं ते हेच वाक्य. ताई गप्प राहिली. पुढच्या केमोआधीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे चढलेले निघाले आणि केमो पुढे ढकलावी लागली. कॅप्सूलमुळेच झालं असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत, पण रेशीच्या पावडरीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून त्यांनी कॅप्सूल तत्काळ बंद केल्या.

विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "विष बाहेर पडतंय, डोस दुप्पट करा." पैसे मागितल्यावर त्याने भावोजींचा नंबर ब्लॉक केला.

कर्करोग बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल नसलं तरी डबा फेकू नका. त्यावरचा बॅच नंबर, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी परवाना क्रमांक आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा. आम्हीही तेवढ्यावरच तक्रार केली आहे.