कोकरांचे जंत: सरसकट डोस की पापणी बघून डोस?

दूध तुटलेल्या कोकरांना ठरावीक दिवसांनी सगळ्यांनाच जंतनाशक पाजायचं, की एकेकाची पापणी उघडून गरज असेल त्यालाच द्यायचं? उत्तर आधी जंतावर ठरतं आणि मग तुमच्याकडे असलेल्या वेळावर.

उबदार, ओलसर हवेत खरा धोका हिमोंकसचा. हा जंत चौथ्या पोटात राहून रक्त पितो, एकेक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली. आकडा किरकोळ वाटतो. पण दोन हजार जंत म्हणजे रोज १०० मिली, आणि १५ किलोच्या कोकराच्या अंगात एकूण रक्त असतं जेमतेम एक लिटर. मोठी मेंढी असा मार काही दिवस सोसते, कोकरू सोसत नाही. त्यात मादी जंत रोज हजारो अंडी घालते, ती लेंड्यांतून कुरणावर पडतात आणि हवा पोषक असेल तर आठवड्याभरात अळ्या गवतावर तयार.

कोकराच्या अंगात या जंतांविरुद्धची ताकद जन्मतः नसते. चरताना पोटात थोड्या थोड्या अळ्या जात राहिल्या, की काही महिन्यांत ती येऊ लागते: नव्या अळ्या टिकत नाहीत, टिकलेल्यांची वाढ खुंटते, माद्या अंडी कमी घालतात. म्हणजे जंत शून्यावर आणणं हे ध्येयच नाही. कोकरू आजारी पडणार नाही, पण जंतांशी ओळख होत राहील, एवढं साधायचं. उलट विण्याच्या सुमारास आईची ताकद ढिली पडते आणि तिच्याच लेंड्यांतून पिल्लाच्या कुरणावर अंडी वाढतात. कोकरांचा विचार करताना ही गोष्ट हमखास विसरली जाते.

सरसकट डोसाची बाजू साधी आहे. एका दिवसात काम उरकतं, कुणी सुटत नाही, आणि रक्त न पिणाऱ्या जंतांवरही इलाज होतो. कळपात जबड्याखाली सूज आलेली (म्हणजे रक्त फार कमी झालेली) कोकरं दिसायला लागली असतील, तर निवडत बसू नका, सगळ्यांना द्या. पण हाच नेम झाला की औषधाला न मरणारे जंतच मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच. सगळ्यांना पाजून लगेच स्वच्छ कुरणात हलवायचं, हा जुना सल्ला तर याबाबतीत सगळ्यात वाईट, कारण नव्या कुरणावर पहिली अंडी पडतात ती नेमकी औषध पचवलेल्या जंतांची. शिवाय डोस फार जवळजवळ दिले, तर कोकराची स्वतःची ताकद यायलाही उशीर होतो.

पापणी बघायची पद्धत दक्षिण आफ्रिकेत तयार झाली. जंतांनी रक्त प्यायलं की पापणीची आतली बाजू फिकट पडते, त्यावर ती उभी आहे. फामाचा नावाच्या कार्डावर लालपासून पांढरटापर्यंत पाच रंग असतात. अंगठ्याने वरच्या पापणीतून डोळा हलकेच आत दाबायचा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढायची आणि आतला रंग कार्डाशी ताडायचा. उजेड दिवसाचा हवा, सावली पडता कामा नये. दोन्ही डोळे बघायचे, फरक वाटला तर फिकट धरायचा. मोठ्या धष्टपुष्ट मेंढीत तिसऱ्या रंगाला डोस न देता थांबता येतं. कोकरांत तिसऱ्यालाच डोस द्यावा. ज्यांना डोस मिळत नाही, त्यांच्या पोटातले जंत औषधापासून लांब राहतात आणि औषधाची धार टिकते. कळपातल्या थोड्याच जनावरांत बहुतेक जंत असतात, म्हणून हे जमतं.

अडचण वेळेची आहे. ओलाव्याच्या दिवसांत ही तपासणी आठवड्या-पंधरवड्याला हवीच. महिनाभर खंड पडला, तर गेल्या वेळी लाल पापणी असलेलं कोकरू मेलेलं सापडू शकतं. दुसरी मर्यादा अशी, की ट्रायकोस्ट्राँगायलससारखे जंत रक्त पीत नाहीत. कोकरू हगतं, वजन धरत नाही, पापणी मात्र गुलाबीच. अशा ठिकाणी वजन आणि लेंडीतल्या अंड्यांची मोजणी बघूनच निवड करावी लागते. हगवण कॉक्सिडियाची (हे जंत नव्हेत, आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असेल, तर नेहमीचं जंतनाशक कामच करत नाही.

लसही आहे, बार्बरव्हॅक्स, ऑस्ट्रेलियात २०१४ पासून. ती फक्त हिमोंकसवर चालते, आणि सुरुवातीच्या डोसांनंतर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा टोचावी लागते. जिथे ती मिळते आणि औषधं निकामी झाली आहेत, तिथेच तिचा विचार करा.

माझं मत: हिमोंकसचा भाग असेल आणि पंधरवड्याला प्रत्येक कोकरू हाती धरता येत असेल, तर पापणीच. तेवढी माणसं नसतील, तर अर्धवट पापणीपेक्षा अंडी मोजून, धोक्याच्या काळातच दिलेला सरसकट डोस बरा. त्यातही वजन चांगलं असलेली थोडी कोकरं मुद्दाम वगळावीत. खुराकातली प्रथिनं दोन्हीकडे लागतातच. उपाशी कोकराच्या अंगात ताकद येत नाही.

डोस वजन करूनच द्या, अंदाजाने कमी पडलेला डोस दोन्ही पद्धती बिघडवतो. पाजताना आणि नंतर १० ते १४ दिवसांनी त्याच कोकरांच्या लेंड्या तपासून घ्या. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील, तर त्या गटाच्या औषधाला जंत दाद देईनासे झाले असण्याची शक्यता मोठी. मग पुढचा डोस दुसऱ्या गटाचा, पशुवैद्यकांना विचारून.