लेबर रेट की विथ मटेरियल? प्लॉटवर घर बांधायला निघालेल्यांसाठी

प्लॉट नावावर झाला आहे, कर्जाची बोलणी चालू आहेत आणि दोन ठेकेदारांनी दोन वेगळे दर सांगितले आहेत. एकाचं म्हणणं, पायापासून रंगापर्यंत सगळं माझ्याकडे, तुम्ही किल्ली घ्यायला या. हे झालं विथ मटेरियल. दुसऱ्याचं म्हणणं, माल तुम्ही आणा, मजुरी माझी. हा लेबर रेट. तालुक्याच्या गावांत आणि शहरांच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत बहुतेक घरं या दोनपैकी एका रीतीनेच उभी राहतात. माझा कौल आधीच देतो. साइटवर रोज तासभर थांबणारं, दोन हिशेब लिहून ठेवणारं माणूस घरात असेल तर लेबर रेट. नसेल तर विथ मटेरियल, पण करारावर आधी आठवडाभर डोकं घालून. आणि दोन्हींच्या आधी परवानगी. ती कोणत्या गटात बसते यावर वेळ आणि पैसा दोन्ही ठरतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

परवानगीच्या तीन वाटा

बृहन्मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लहान घर बांधणाऱ्यासाठी त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे जोखमीनुसार परवानगी. भूखंड 150 चौरस मीटरपर्यंत असेल तर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्याने नियमांप्रमाणे केलेला नकाशा, मालकीची कागदपत्रं आणि शुल्क भरायचं. शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरली जाते. 150 ते 300 चौरस मीटरला आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रावर 10 दिवसांत परवानगी मिळण्याची तरतूद आहे. त्यापुढे नेहमीची छाननी.

इथे एक बारीक गंमत आहे, जी प्लॉट घेताना कोणी सांगत नाही. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, 101.17 चौरस मीटर. म्हणजे एक गुंठेवाला पहिल्या गटात आरामात बसतो. दीड गुंठा मात्र 151.76 चौरस मीटर होतो आणि अवघ्या पावणेदोन चौरस मीटरने दुसऱ्या गटात जातो. त्यामुळे नकाशावर कोणतं क्षेत्र येणार हे मोजणीच्या ‘क’ प्रतीवरून (सरकारी मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावरून) आधी पाहा. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र यांत फरक निघाला, तर तो फरक पाया खोदण्याआधीच निस्तरावा लागतो.

मंजूर प्रादेशिक योजनेतल्या गावांसाठीही याच धर्तीची सोय आहे: साधारण 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला ग्रामपंचायतीला कागदपत्रांसह कळवायचं, 3200 पर्यंत ग्रामपंचायतीनेच परवानगी द्यायची. मूळ गावठाणातली जागा असेल तर बिनशेतीचा प्रश्नही सहसा येत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीसाठीही जमीन महसूल संहितेत सोपी वाट आहे. ठरलेली रक्कम भरून तलाठी-तहसील पातळीवर काम होतं. उलट, शेतजमिनीचा मंजुरी नसलेला तुकडा स्वस्त मिळतो म्हणून घेतलेला असेल, तर घराचा हिशेब मांडण्याआधी गुंठेवारी नियमितीकरणाचा, म्हणजे असा तुकडा कायदेशीर करून घेण्याचा, हिशेब मांडा. तुकडेबंदीच्या (शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या) कायद्याला वळसा घालून घेतलेल्या प्लॉटवर बँक कर्ज देत नाही, आणि ज्या घराला बँक कर्ज देत नाही त्याला पुढे गिऱ्हाईकही निम्म्याच भावात मिळतं.

लहान भूखंडाची सोय म्हणजे मोकळं रान असं मात्र समजू नका. पावतीवर काम सुरू झालं तरी सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या मानाने किती बांधता येईल), उंची हे सगळं तेवढंच बंधनकारक असतं. कार्यालयातला माणूस आधी तपासत नाही, याचा अर्थ जबाबदारी मालकावर आणि सही करणाऱ्या आर्किटेक्टवर येते. बाजूचं अंतर दोन फुटांनी खाल्लं, तर जोता तपासणीत किंवा भोगवटा प्रमाणपत्राच्या (घर वापरायला दिलेल्या परवानगीच्या) वेळी ते अडतं. भोगवटा नसेल तर महापालिका हद्दीत अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद कायद्यात आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या हजारो घरमालकांनी हा शास्तीचा प्रश्न वर्षानुवर्षं सोसला आहे. दोन फूट जागेसाठी तो विकत घेऊ नये.

विथ मटेरियलवाले ठेकेदार ‘परवानगीचं आम्ही बघतो’ असं सर्रास म्हणतात. ते धावपळ करतील, पण अर्जावर सही तुमची असते, आणि पुढे नोटीस आली तर तीही तुमच्याच नावाने येते. आर्किटेक्ट तुम्ही नेमा, त्याची फी तुम्ही द्या. ठेकेदाराने आणलेला आर्किटेक्ट ठेकेदाराच्या बाजूचा असतो. यात त्याचा दोष नाही, त्याला पुढचं काम तिकडूनच मिळणार असतं.

विथ मटेरियल: निवांतपणाची किंमत

या पद्धतीचा फायदा खरा आहे आणि तो कमी लेखू नये. पुण्यात किंवा मुंबईत नोकरी करून साताऱ्याला किंवा बार्शीला घर बांधणाऱ्याला रोज खडीच्या ट्रकची वाट पाहणं शक्य नसतं. एकच माणूस जबाबदार राहतो, खर्चाचा आकडा आधी कळतो, आणि बँकेला लागणारं अंदाजपत्रकही सोपं होतं.

तोटा असा की ठेकेदाराचा नफा माल वाचवण्यात दडलेला असतो. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब चार इंची ओतला, तर जवळजवळ 83 घनफूट काँक्रीट वाचतं. एम 20 दर्जाच्या हिशेबाने ते सुमारे 18 ते 20 पोती सिमेंट झालं. हे प्लास्टर झाल्यावर कोणाला दिसत नाही. म्हणून करारात दरापेक्षा तपशील महत्त्वाचा. सिमेंटची कंपनी आणि प्रकार, स्टीलची कंपनी आणि ग्रेड, काँक्रीटचा दर्जा, विटेचा किंवा ब्लॉकचा प्रकार, वायरिंगची कंपनी, फरशीचा प्रति चौरस फूट खरेदी दर, प्रत्येक खोलीतले लाईट पॉइंट: हे सगळं लिहिलेलं हवं. ‘चांगल्या प्रतीचं’ हा शब्द करारात दिसला की तो खोडा आणि तिथे नाव टाका.

सगळ्यांत जास्त भांडणं क्षेत्रफळावरून होतात. चौरस फुटाचा दर नेमका कशावर? स्लॅबच्या क्षेत्रावर, की आतल्या चटई क्षेत्रावर? बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी? जिन्याची खोली, छज्जे, पाण्याच्या टाकीचा स्लॅब कुठे मोजायचा? जोता दोन फूट गृहीत धरला आहे आणि रस्ता उंच म्हणून साडेतीन फूट करावा लागला, तर वरचा भराव कोणाचा? कुंपणाची भिंत, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक आणि बोअरवेल हे बहुतेक करारांत नसतंच, आणि मालकाला ते असेल असं वाटत राहतं. दोन ठेकेदारांच्या दरांत चौरस फुटाला दीडशे रुपयांचा फरक दिसतो, तो अनेकदा एवढ्यातच निघून जातो.

लेबर रेट: पैसा वाचतो, पण तो उभं राहून वाचवावा लागतो

इथे जीएसटीचा एक मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामासाठी घेतलेलं निव्वळ मजुरीचं काम करमुक्त आहे. ते गृहसंकुलाचा भाग नसावं एवढी अट. मालासह केलेल्या कामावर मात्र नोंदणीकृत ठेकेदार 18 टक्के कर लावतो, आणि तो मजुरी व नफ्यावरही बसतो. समजा 20 लाखांच्या कामात मजुरी आणि ठेकेदाराचा नफा मिळून 7 लाख आहेत, तर लेबर रेटमध्ये एवढ्यावरचाच सव्वा लाखाच्या आसपासचा कर वाचतो. मालावरचा कर दोन्हीकडे शेवटी तुमच्याच खिशातून जातो. सिमेंटवरचा कर सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्याचा लाभ दोन्ही पद्धतींना आहे. पण विथ मटेरियलचा दर त्याआधी ठरलेला असेल, तर तो कमी करून मागायला संकोचू नका.

उरलेली बचत माल मोजून घेण्यात आहे. हजार चौरस फुटांच्या साध्या आरसीसी घराला ढोबळ मानाने 400 पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार टन स्टील लागतं. नेमका आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशावरून काढून घ्या. त्याची फी वाचवणं हा घर बांधण्यातला सर्वांत महागडा काटकसरीचा प्रकार आहे, कारण डिझाइन नसलं की मिस्त्री भीतीपोटी जाड सळ्या टाकतो, आणि तरीही नको तिथे टाकतो.

स्टील वजनावर घ्या, नगावर नाही. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून त्याला 162 ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिमीची 12 मीटरची सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरते, 8 मिमीची पावणेपाच किलो. थोडा फरक चालतो, पण गठ्ठ्यामागे वजन फारच कमी येऊ लागलं तर माल परत पाठवा. वाळू आणि खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रकचा हौदा आतून मोजा: 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट भरलेला असेल तर तो 1.8 ब्रास होतो, आणि पावतीवर 2 लिहिलेले असतात. अशा दहा खेपांत दोन ब्रास हवेत जातात. नदीच्या वाळूचा हट्ट सोडला तर कृत्रिम वाळूत पैसे आणि कटकट दोन्ही कमी. प्लास्टरसाठी मात्र बारीक चाळलेली, प्लास्टरचीच म्हणून विकली जाणारी घ्या. घरकुल योजनेचे लाभार्थी असाल तर 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळण्याची तरतूद आहे, ती तहसीलमधून मागून घ्या.

आता उलट बाजू. मजुरीवाल्याला तुमचा माल वाचवण्यात काही रस नसतो. काँक्रीट सहज ओतता यावं म्हणून तो पाणी वाढवतो. एम 20 ला 50 किलोच्या पोत्यामागे साधारण 27 लिटरपेक्षा जास्त पाणी नको, हे मिक्सरवर उभं राहूनच सांभाळावं लागतं. उरलेलं कालवलेलं सिमेंट संध्याकाळी फेकलं जातं. सेंट्रिंग (स्लॅबखालच्या तात्पुरत्या फळ्या आणि टेकू) कोणाचं, पाणी मारायचं कोणी, मिक्सर आणि व्हायब्रेटरचं भाडं कोणाचं, हे तोंडी राहिलं तर प्रत्येक स्लॅबला वाद. पाणी मारणं तर बहुतेक वेळा कोणाचंच काम नसतं. भारतीय मानक 456 साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि पोझोलाना (राख मिसळलेल्या, पीपीसी) सिमेंटला किमान 10 दिवस सांगतं. आपल्याकडे आज बरंचसं काम पोझोलाना सिमेंटमध्येच होतं, तेव्हा दहाच्या खाली येऊ नका. उन्हाळ्यात स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवणं अजूनही सर्वांत भरवशाचं.

म्हणजे लेबर रेटला रोजचा माणूस हवा. निवृत्त वडील, गावातला भाऊ, किंवा पगारी सुपरवायझर. सुपरवायझरचा पगार बचतीतून वजा करा. घर दोन हजार चौरस फुटांच्या पुढे असेल तर तो परवडतो; सातशे-आठशे चौरस फुटांच्या घरात तो बहुतेक बचत खाऊन टाकतो.

मधली वाट

मला व्यक्तिशः ही सर्वांत पटते, विशेषतः शनिवार-रविवारीच साइटवर जाऊ शकणाऱ्यांसाठी. पाया, कॉलम, स्लॅब, वीटकाम आणि प्लास्टर एका ठेकेदाराला मजुरीवर द्यायचं, पण सिमेंट आणि स्टील थेट दुकानदाराकडून आपल्या बिलावर घ्यायचं. वाळू-खडी ठेकेदाराने आणायची, मोजून. वायरिंग, प्लंबिंग, फरशी, खिडक्या आणि रंग हे त्या त्या कारागिराला वेगळं. खर्चातला मोठा वाटा, आणि फसवणुकीला सर्वांत सोपा वाटा, आपल्या हातात राहतो. रोजची धावपळ मात्र निम्मी होते. याचा तोटा एकच आणि तो खरा आहे: भिंत गळली तर प्लंबर प्लास्टरवाल्याकडे बोट दाखवतो आणि प्लास्टरवाला प्लंबरकडे. त्यासाठी फरशी बसण्याआधी नळांना दाब देऊन चोवीस तास ठेवा आणि बाथरूममध्ये पाणी तुंबवून खालून पाहा.

लाल वीट की एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा), यावर फार वेळ घालवू नका. ब्लॉक हलका असल्याने दुमजली घरात स्टील थोडं कमी लागू शकतं, पण ते डिझाइन करण्याआधी इंजिनिअरला सांगितलं तरच. गावात चांगली वीट जवळ मिळत असेल आणि मिस्त्रीने ब्लॉकचं काम केलेलं नसेल, तर वीटच बरी.

पैसे देण्याचे टप्पे

कोणतीही पद्धत घ्या, आगाऊ रक्कम काम सुरू होण्यापुरतीच द्या आणि पुढची झालेल्या कामामागे: जोता, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फिनिशिंग. बँकेचे हप्तेही बांधकामाच्या टप्प्यांनीच सुटतात, म्हणून दोन्ही वेळापत्रकं एकमेकांना जुळवून घ्या, नाहीतर मधल्या महिन्यात ठेकेदार थांबतो आणि भाव तेवढ्यात चढतात. प्रत्येक स्लॅबच्या वेळी काँक्रीटचे क्यूब (मजबुती तपासायचे चौकोनी नमुने) भरून 28 दिवसांनी जवळच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. खर्च एका दिवसाच्या मजुरीएवढासुद्धा येत नाही, आणि क्यूब भरले जाणार आहेत हे कळल्यावरच मिक्सरवरचं पाणी आपोआप कमी होतं. प्रारंभ प्रमाणपत्राची (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीची) मुदत एक वर्ष असते, काम लांबलं तर मुदतवाढीचा अर्ज ती संपण्याआधी द्या. पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवण्याचं कलम करारात पहिल्याच दिवशी घाला, आणि त्यातला एक हप्ता भोगवटा प्रमाणपत्राला बांधा, कारण ते काढताना आर्किटेक्टला ठेकेदाराच्या सह्या आणि साथ लागते आणि घर झाल्यावर ठेकेदार पुढच्या साइटवर गेलेला असतो.