जुना आयपॉड घ्यायचाच, तर क्लासिक की टच?

भाच्याला फोन बाजूला ठेवून गाणी ऐकायची आहेत, पण या दोघांत त्याचं ठरत नाहीये. ॲपलने क्लासिक २०१४ मध्ये बंद केला, टच २०२२ मध्ये. म्हणजे मिळेल तो वापरलेलाच. जाहिरातीतले ‘३६ तास’, ‘४० तास’ विसरा; बॅटरी थकलेलीच असणार.

जागा: शेवटचा क्लासिक १६० जीबीचा. सातव्या पिढीचा टच ३२, १२८ किंवा २५६ जीबीचा. ३२ वाल्याच्या वाटेला जाऊ नका.

टिकाऊपणा: इथेच खरी मेख आहे. क्लासिकमध्ये फिरती हार्ड डिस्क असते. घेताना कानाला लावा, टकटक ऐकू आली तर सौदा सोडा. पण डिस्क काढून ॲडॉप्टरवर एसडी कार्ड बसवता येतं, मग धक्क्याची भीती उरत नाही. ते धातूचं कवच उघडताना मात्र नखं आणि संयम दोन्ही जातात. टचमध्ये फिरणारं काही नाही. पण बॅटरी बोर्डाला सोल्डर केलेली, बदलणं जिकिरीचं.

वापर: क्लासिकचं गाणी निवडायचं चक्र खिशात न बघता फिरवता येतं. वाय-फाय, ब्लूटूथ नाही. गाणी कॉम्प्युटरवरून केबलनेच भरायची. टचमध्ये दोन्ही आहेत, पण तो आयओएस (ॲपलची ऑपरेटिंग सिस्टीम) १५ वर अडकलाय, पुढची आवृत्ती त्यावर चढत नाही.

स्ट्रीमिंग आणि बिनतारी इअरफोन हवेत त्यांनी टच घ्यावा. एमपीथ्रीचा साठा सांभाळून ठेवलेल्यांनी क्लासिक. भाच्याला मी क्लासिकच सुचवला, कारण टचवर गेमही चालतात.