खुब्याचं ऑपरेशन: रिसरफेसिंग की पूर्ण सांधाबदल? मांडीच्या हाडाकडे बघून ठरवा

खुबा झिजलाय आणि डॉक्टरांनी दोन्ही वाटा समोर ठेवल्यात. अशा वेळी घरात चर्चा होते ती खर्चाची आणि रजेची. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याआधी एक प्रश्न विचारा: मागे उरणाऱ्या मांडीच्या हाडाचं पुढे काय होणार? पंचेचाळिशीत ऑपरेशन होत असेल, तर त्याच हाडावर अजून तीसेक वर्षं काढायची आहेत.

पूर्ण सांधाबदलात मांडीच्या हाडाच्या टोकाचा चेंडू त्याखालच्या निमुळत्या भागातून, म्हणजे मानेतून, कापून काढतात आणि हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा, म्हणजे स्टेम, बसवतात. रिसरफेसिंगमध्ये चेंडू जागेवरच राहतो. तो वरून तासून त्यावर कोबाल्ट-क्रोमची टोपी चढवतात. पोकळीला हात लागत नाही. चेंडू ज्यात फिरतो ती वाटी मात्र दोन्हींत नवी बसते.

हाडाच्या घनतेतला फरक इथूनच सुरू होतो. भार पडेल तसं हाड घडतं, हे जर्मन सर्जन ज्युलिअस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. स्टेम शरीराचा भार स्वतः उचलतो आणि खाली मांडीत नेऊन सोडतो. मानेखालच्या आतल्या बाजूच्या हाडाला, ज्याला कॅल्कार म्हणतात, काम उरत नाही आणि ते विरळ होऊ लागतं. स्टेमच्या प्रकारानुसार पहिल्या वर्षात तिथली १० ते २५ टक्के घनता जाऊ शकते. पुढे घसरण बहुधा थांबते. दुखत काहीच नाही, पण स्टेम कधी बदलायची वेळ आली तर सर्जनला तेच हाड कमी पडतं.

रिसरफेसिंगमध्ये भार जुन्याच वाटेने, मानेतून खाली उतरतो. म्हणून कॅल्कारची घनता सहसा टिकते, कधी वाढतेही. पुढे टोपी निकामी झालीच, तर पोकळी कोरी असल्यामुळे साधा स्टेम बसवता येतो.

पण पहिले काही महिने नाजूक असतात. या काळात मानेची घनता आधी थोडी खाली येते आणि वर्षभरात बहुतेकांची पूर्ववत होते. ऑस्ट्रेलियातल्या ३,४९७ रिसरफेसिंगच्या नोंदींत ५० जणांच्या मांडीच्या हाडाची मान मोडली: पुरुषांत ०.९८ टक्के, स्त्रियांत १.९१ टक्के, आणि तेही सरासरी पंधराव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे दुखणं गेलेलं असतं, माणूस खुशीत जिने चढत असतो, नेमका तेव्हा. दुखत नाही म्हणून डॉक्टरांना न विचारता काठी सोडू नका, पळणं तर लांबच.

टेनिसपटू अँडी मरेचं उदाहरण सगळे देतात. जानेवारी २०१९ मध्ये लंडनला रिसरफेसिंग झालं आणि ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. खरं आहे, पण तो एकतिशीतला धडधाकट पुरुष होता. २०१५ मध्ये स्मिथ अँड नेफ्यू कंपनीने आपल्या ‘बर्मिंगहॅम’ नावाच्या रिसरफेसिंग टोपीचे लहान आकार मागे घेतले आणि ती स्त्रियांना बसवू नये असं सांगितलं. लहान आकारात धातूवर धातू घासून निघणारा कीस जास्त त्रास देतो. त्याआधी, २०१० मध्ये, डीप्यू कंपनीची एएसआर ही टोपी तर बाजारातूनच परत बोलावली गेली होती. त्यामुळे रिसरफेसिंगनंतर रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी मागे लागते. किडनी अधू असेल तर हा रस्ता नकोच.

आपल्याकडे तरुण वयात खुबा जातो तो बऱ्याचदा एव्हीएनने, म्हणजे चेंडूचा रक्तपुरवठा तुटून. चेंडूचा मोठा भाग मेलेला असेल तर टोपी टेकवायची कशावर? तिथे पूर्ण सांधाबदलच बरा. हाडं ठिसूळ असतील तरीही तोच.

साठीच्या आतला, मोठ्या हाडापेराचा, चांगल्या घनतेचा पुरुष आणि झीज साध्या संधिवाताची असेल, तर मी रिसरफेसिंगकडे झुकेन, तेही ते नेहमी करणारा सर्जन मिळाला तरच. बाकीच्यांनी कॅल्कारच्या चिंतेने पूर्ण सांधाबदल टाळू नये.

काहीही ठरवलंत तरी ऑपरेशनआधी हाडाची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून ठेवा. नंतरचाही त्याच मशीनवर करा. स्कॅनच्या वेळी पाऊल किंचित आत वळवून पट्ट्याने बांधतात. दोन्ही वेळा ते सारखंच वळवलंय ना, हे टेक्निशियनला विचारा. पाय वेगळा वळला तर मानेचा आकडा बदलतो, आणि हाड न बदलताही रिपोर्टात घट किंवा वाढ दिसू शकते.